पात्रांवाला कोण सांगणार?

गोव्यात 'पात्रांव' कोणीही असतो. बस चुकली की स्टँडवरचा मोटारसायकल पायलट, म्हणजे मागे बसवून भाड्याने नेणारा, विचारतो, "खंय वचपाचें, पात्रांव?" कुठे जायचं, मालक? खिशात पन्नास रुपये घेऊन बाजारात उभ्या असलेल्या माणसालाही मासेवाली पात्रांव करून टाकते. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ मालक, पण इथे मुरता मुरता त्यात मालकी कमी आणि लाडीगोडी जास्त झाली.

ज्याच्या सहीने दर महिन्याला चाळीस-पन्नास घरांत पगार जातो, त्या खऱ्या पात्रांवाची गोष्ट मात्र वेगळी. त्याला हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतो. त्याच्यामागून खरं काय ते क्वचित येतं.

मी एकोणीस वर्षं एच.आर.मध्ये काढली, आधी कुंडईला, मग वेर्ण्याला. तेवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. मशीन बंद पडलं तर साहेबाला दहा मिनिटांत कळतं. पण आपण खोलीत शिरलो की बोलणारी माणसं गप्प होतात, हे त्याला दहा वर्षांत कळत नाही. रिपोर्ट येतात, एक्सेलच्या शीट येतात, पण 'तुमच्या ओरडण्यामुळे रात्रपाळीचा सुपरवायझर बिघाड लपवतो' असा कॉलम कुठल्याच शीटमध्ये नसतो.

गोव्यात हे जरा जास्तच अवघड. राज्य एवढंसं, त्यात कोण कोणाचा पाहुणा निघेल याचा नेम नाही. ज्याने मालकाला सुनवायचं त्याची बायको मालकाच्या वहिनीच्या माहेरची. दोघांचं कुलदैवत एक. पुढच्या जत्रेत एकाच मांडवात जेवायला बसायचंय. मग कोण कशाला तोंड उघडतो? "सगळं बरें आसा, पात्रांव" म्हणून विषय संपतो.

एक्झिक्युटिव्ह कोचिंग हा या अडचणीवरचा एक इलाज आहे. कंपनीबाहेरचा, या कामाचं शिक्षण घेतलेला माणूस मालकाशी किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याशी दर दोन-तीन आठवड्यांनी तास-दीड तास एकांतात बोलतो. हे साधारण सहा महिने ते वर्षभर चालतं. तो विचारतो, ऐकतो, ऐकलेलं परत समोर मांडतो, आणि मागच्या वेळी ठरलेलं केलं का, हे पुढच्या वेळी न विसरता विचारतो. काय करावं हे सहसा सांगत नाही.

"एवढंच? आणि याचे पैसे?" असं मला एका एम.डीं.नी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता.

गोंधळाचं पहिलं कारण हा शब्दच. कोचिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दहावी-बारावीचे क्लास येतात, नाहीतर क्रिकेटचा कोच. क्रिकेटच्या कोचचं उदाहरण घ्यायचं तर आचरेकर सरांचं. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद न होता खेळलं तर ते नाणं फलंदाजाचं. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निरोप घेताना सचिन तेंडुलकरने सांगितलं, की २९ वर्षांत सर त्याला एकदाही 'छान खेळलास' म्हणाले नाहीत. म्हटलं तर पोरगा सैलावेल, ही भीती. गाण्यातली तालीमही याच जातीची. आमच्या केरीच्या केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांपुढे वर्षानुवर्षं बसल्या, ते खाँसाहेबांकडे असलेली विद्या घेण्यासाठी. गुरूकडे असतं आणि शिष्याकडे नसतं, अशी ती देवघेव आहे.

एक्झिक्युटिव्ह कोचचं तसं नाही. त्याला तुमच्या धंद्यातलं तुमच्यापेक्षा कमी कळतं, आणि ते चालतं. सल्लागार येतो, आकडे बघतो, अहवाल देऊन जातो. मेंटॉर हा त्याच वाटेने आधी गेलेला वडीलधारा. तो 'मी काय केलं' ते सांगतो. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ दुखण्यावर काम करतो. कोच या तिघांच्या मधल्या फटीत उभा असतो. माणूस धडधाकट आहे, हुशार आहे, पण स्वतःच्याच वागण्यात कुठेतरी अडकलाय आणि ते त्याला दिसत नाही, तिथे त्याचं काम.

गोव्यात हे समजावायला मला नाटकाचा दाखला बरा पडतो. आमच्याकडे गावोगावी उत्सवात मराठी नाटक होतं आणि त्यासाठी महिना-दीड महिना तालमी चालतात. दिग्दर्शक स्टेजवर नसतो. तो मांडवातल्या मागच्या खुर्चीवर बसून बघतो. नटाला आपला आवाज आतून ऐकू येतो. मागच्या रांगेत तो कसा पोचतो हे त्या खुर्चीवरूनच कळतं. अर्थात दिग्दर्शक 'असं कर' म्हणून सांगतो, कोच बहुतेकदा तेवढंही सांगत नाही. दाखला तिथे तुटतो, पण ती मागची खुर्ची लक्षात ठेवा.

इतिहास थोडक्यात सांगते. कोच हे हंगेरीतल्या एका गावाचं नाव. तिथे पंधराव्या शतकात चांगल्या घोडागाड्या बनत, म्हणून गाडीला कोच म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून 'पार नेणाऱ्या' शिकवणीवाल्याला तेच नाव ठेवलं, आणि तिथून ते खेळात गेलं. १९७४ साली टिमोथी गॅल्वे या अमेरिकी टेनिस शिक्षकाने मांडलं, की खेळाडूचा मोठा प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे नसतो, त्याच्या डोक्यात बसलेला असतो. सूचनांचा भडिमार कमी केला आणि चेंडू नीट बघायला लावलं की शरीर आपोआप शिकतं. हा विचार इंग्लंडच्या जॉन व्हिटमोर यांनी कंपन्यांत आणला. हे गृहस्थ आधी मोटार शर्यतीतले विजेते चालक होते. त्यांच्या १९९२ सालच्या पुस्तकामुळे चार पायऱ्यांची एक पद्धत जगभर गेली: काय हवंय, आज काय आहे, काय काय करता येईल, आणि त्यातलं नक्की काय करणार. १९९५ मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन (आयसीएफ) निघालं आणि या कामाला नियम, आचारसंहिता, परीक्षा आल्या.

आता प्रत्यक्षात काय घडतं ते. डिचोली तालुक्यातले एक काजू कारखानदार आहेत. त्यांच्या परवानगीनेच सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदलून. त्यांना आपण काजूवाले म्हणू. नोकरी सोडल्यावर मी छोट्या कारखान्यांची एच.आर.ची कामं बघते, त्यातून ओळख झाली. वय बावन्न. वडिलांनी सुरू केलेला कारखाना. आफ्रिकेतून कच्ची बी येते, शिवाय हंगामात इथली. वाफवणं, फोडणं, सुकवणं, सोलणं, मग प्रतवारी. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे पांढरे गर बसतात असा माल, वगैरे. धंदा चांगला. तक्रार एकच: "माझी माणसं स्वतःहून काही करत नाहीत. स्क्रू बदलायचा तरी माझ्यापर्यंत येतात. नऊ वर्षांत चार दिवस सलग सुट्टी नाही."

मी त्यांना पुण्याच्या एका कोचबाईंशी जोडून दिलं. पूर्वी त्या स्वतः एका प्लांटच्या प्रमुख होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?" काजूवाले म्हणाले, "सगळे पात्रांव म्हणतात." त्या म्हणाल्या, "मी नावाने हाक मारली तर चालेल?" घराबाहेरच्या माणसाने नावाने हाक मारल्याला किती वर्षं झाली होती, ते काजूवाल्यांना आठवेना. 'त्याच क्षणी जरा ताठ बसलो,' असं ते मला नंतर म्हणाले.

सुरुवातीला करार होतो. कंपनी मोठी असेल तर तो तिघांत होतो: कोच, अधिकारी आणि पैसे देणारी कंपनी. या बैठकीत मी अनेकदा बसलेय, आणि सगळ्यात जास्त भांडण इथेच व्हायला हवं असं माझं मत आहे. कोचिंगमधून काय साधायचं ते कंपनीला कळेल. सत्रात काय बोलणं झालं ते कळणार नाही. एका कंपनीत आमच्या वरिष्ठांनी मला हळूच सांगितलं होतं, "जरा कोचकडून काढून घे, हा राजीनामा द्यायच्या विचारात आहे का." मी काढून घेतलं नाही. विचारलं असतं आणि कोचने सांगितलं असतं, तर त्या माणसाला तिथेच घरी पाठवायला हवं होतं. अधिकाऱ्याला नव्हे, कोचला.

मग माहिती गोळा करायची. काजूवाल्यांच्या संमतीने कोचबाईंनी आठ जणांना फोन केले: दोन सुपरवायझर, अकाउंटंट, बॉयलरवाला, मुंबईचा एक खरेदीदार, बँकेतले अधिकारी, धाकटा भाऊ आणि बायको. सगळ्यांना तेच तीन-चार प्रश्न. उत्तरांतून नावं काढून सार त्यांच्या हातात दिलं. याला थ्री-सिक्स्टी डिग्री फीडबॅक म्हणतात. त्यात एक वाक्य होतं: 'प्रश्न विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत.' काजूवाल्यांनी ती अख्खी संध्याकाळ हे कोण म्हणालं असेल ते शोधण्यात घालवली. मी पाहिलेल्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी हेच केलंय.

पुढच्या सोमवारी कोचबाई स्वतः आल्या आणि साप्ताहिक मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसल्या. हातात कागद. काजूवाले बोलले की उभी रेघ, दुसरं कोणी बोललं की आडवी. मीटिंग संपल्यावर काही न बोलता कागद त्यांच्यापुढे सरकवला. उभ्या रेघांचं रान आणि मध्ये कुठेतरी चार-पाच आडव्या. काजूवाल्यांनी नऊ प्रश्न विचारले होते. त्यांतल्या सहांची उत्तरंही त्यांनीच दिली होती.

"नाटकात काम करता ना?" कोचबाईंनी विचारलं. पहिल्या भेटीत बोलता बोलता त्यांना ते कळलं होतं. गावच्या उत्सवात काजूवाले वीस वर्षं उभे राहत होते. अलीकडे वेळ नाही म्हणून सुटलं होतं.

"करायचो."

"समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी तुमचं वाक्य घेता?"

"छे. मार खायचाय का?"

एवढं बोलून ते स्वतःच त्या कागदाकडे बघत बसले.

हे झालं निरीक्षण. खरा टाका मात्र चौथ्या सत्रात उसवला. काजूवाल्यांनी मला तो जवळजवळ शब्दशः सांगितलाय.

"शेवटचं कोणी स्वतःहून निर्णय घेतला, तो प्रसंग सांगा."

"तेच तर म्हणतोय, कोणी घेतच नाही."

"कधीच नाही?"

"एकदा. गेल्या चतुर्थीच्या आधी. प्रतवारीवरच्या बाईने एक लॉट अडवला होता. म्हणाली, ओल वाटतेय."

"मग?"

"मग काय, ट्रक उभा होता. ओरडलो."

"कुठे?"

"तिथेच. सगळ्यांसमोर."

"आणि लॉट?"

"गेला. पंधरा दिवसांनी मुंबईहून परत आला. ओल होतीच."

"त्या बाई अजून आहेत?"

"आहेत ना. जुन्या आहेत."

"त्यानंतर त्यांनी किती लॉट अडवले?"

काजूवाल्यांनी मनातल्या मनात महिने मोजले. एकही नाही.

कोचबाई पुढे काही बोलल्या नाहीत. हाच त्यांचा खरा कसब. मी असते तर लगेच म्हटलं असतं, "बघा, तुम्हीच त्यांना गप्प केलंत." आणि काजूवाल्यांनी मला पाच कारणं ऐकवली असती: ट्रकचं भाडं, खरेदीदाराचा फोन, सणाची घाई. दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष खोडायला माणूस वकील होतो. स्वतःच्या तोंडून निघालेला निष्कर्ष खोडता येत नाही. सल्ल्याऐवजी प्रश्न, यामागचं सगळं तर्कशास्त्र एवढंच आहे.

मानसशास्त्रात यासाठी एक जुनं चित्र आहे. १९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोघांनी चार खणांची एक खिडकी काढली. दोघांच्या पहिल्या नावांवरून तिला जोहारी म्हणतात. राजस्थानातल्या जोहरी बाजाराशी तिचा संबंध नाही. एका खणात मला आणि लोकांना दोघांनाही ठाऊक असलेलं. दुसऱ्यात मला ठाऊक, लोकांना नाही. तिसऱ्यात लोकांना ठाऊक, मला नाही. चौथ्यात कोणालाच नाही. माणूस वर चढतो तसा तिसरा खण भरत जातो, कारण तो रिकामा करणारी माणसं गप्प होत जातात. त्या खणाच्या फटीतून आत डोकावायला लावणं हे कोचचं काम.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अतुल गवांदे हे अमेरिकेतले नामांकित सर्जन, त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. आठेक वर्षं शस्त्रक्रिया केल्यावर आपली प्रगती थांबलीय असं त्यांना वाटलं, तेव्हा त्यांनी आपल्या निवृत्त शिक्षकांना ऑपरेशन थिएटरमध्ये नुसतं बघत उभं राहायला बोलावलं. हे त्यांनीच २०११ मध्ये लिहिलंय. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. तरी शिक्षकांच्या वहीत बरंच काही होतं: कोपर मध्येच खांद्याइतकं वर जातं, म्हणजे पाय चुकीच्या जागी आहेत, दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दुसरं नाव गूगलचे तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट यांचं. कोच घे म्हटल्यावर त्यांना आधी रागच आला होता. पुढे बिल कॅम्पबेल त्यांचे कोच झाले, आणि मिळालेल्या सल्ल्यांत तोच सर्वांत चांगला होता असं श्मिट यांनी जाहीर सांगितलं. हे कॅम्पबेल पूर्वी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कोच होते.

परत डिचोलीत येऊ. कळलं म्हणजे वळलं असं नसतं. ठरलं ते बारीकसं होतं: सोमवारी काजूवाल्यांनी सगळ्यांच्या शेवटी बोलायचं, आणि ओरडायचं झालंच तर केबिनमध्ये. पहिल्या सोमवारी कोणी बोलेचना. त्या शांततेला घाबरून अकाउंटंटने सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला. दुसऱ्या सोमवारी काजूवाल्यांना राहवलं नाही, आणि मीटिंग जुन्या रुळावर गेली. तिसऱ्या सोमवारी बॉयलरवाला म्हणाला, दुपारनंतर वाफेचा दाब पडतो कारण त्याच लाइनवरून ड्रायरला दुसरं कनेक्शन काढलंय. थोडं थांबून त्याने वाक्य पुरं केलं: "आणि तें तुमींच काडूंक सांगिल्लें, पात्रांव." काजूवाल्यांनी तेव्हा पेनाचं टोपण चावलं. पुढे ते टोपण त्यांनी मला दाखवलं, दातांच्या खुणांसकट.

प्रतवारीवरच्या बाईंची त्यांनी माफी मागितली नाही. शेवटी पात्रांवच ते. पण एक नियम लिहून भिंतीवर लावला: ओलीची शंका आली तर बाई लॉट अडवतील, ट्रक थांबेल, भाडं कारखाना सोसेल. एप्रिलच्या ऐन धांदलीत बाईंनी खरंच एक लॉट अडवला. काजूवाल्यांनी मला फोन करून दहा मिनिटं आग ओकली. खाली जाऊन मात्र काही बोलले नाहीत. तपासणीत तो लॉट चांगला निघाला. भाडं फुकट गेलं. आणि मला विचाराल तर अख्ख्या कोचिंगमधला सगळ्यात मोलाचा दिवस तोच होता, कारण बाई बरोबर निघाल्या असत्या तर गप्प बसणं सोपं होतं.

सातव्या सत्रात गाडी कारखान्याच्या गेटवर आली. तिथे रोज सकाळी आठला त्यांचे वडील खुर्ची टाकून बसतात, वय ऐंशीच्या पुढे. थोरल्या पात्रांवांचा आवाज एके काळी रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. मीटिंगमध्ये गप्प बसलो तर बाबांना आपण मऊ वाटू, ही धाकधूक काजूवाल्यांना इतकी वर्षं होती. हार्वर्डचे रॉबर्ट केगन आणि लिसा लेही यांनी नेमकं हेच मांडलंय: माणसाला बदलायचं असतं हे खरं, पण न बदलण्यातही तो काहीतरी जपत असतो. एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर. ब्रेकवरचा पाय कशासाठी आहे ते कळेपर्यंत नुसत्या संकल्पांनी गाडी हलत नाही. कोचिंग कामापासून सुरू होतं आणि असं घरात शिरतं. 'व्यावसायिक वाढ' आणि 'वैयक्तिक वाढ' असे दोन कप्पे माहितीपत्रकात बरे दिसतात. माणूस एकच असतो.

बदल किती झाला? बराच, आणि पुरता नाही. ओरडणं कमी झालंय, बंद झालेलं नाही. कारखाना सहाला सुटल्यावर ते पुन्हा तालमीला जाऊ लागलेत. चार दिवसांची सुट्टी झाली, तीही फोन बंद न करता.

अभ्यास काय सांगतात? २०१४ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी आधीच्या १८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. कामगिरी, मनःस्वास्थ्य, ताण पेलणं, कामाबद्दलची भावना, ध्येयाच्या दिशेने स्वतःला लावून घेणं, या सगळ्यांत कोचिंगचा चांगला परिणाम दिसला. मात्र ज्या अभ्यासांत तुलनेसाठी कोचिंग न घेतलेला गट नव्हता, त्यांत परिणाम जास्त मोठे दिसत होते. म्हणजे औषध लागू पडतं, पण बाटलीवरच्या चिठ्ठीइतकं नाही.

आणि काही दुखण्यांवर ते औषधच नव्हे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सत्तरीत ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते चालू राहिले. त्या ट्रकमालकाला 'तुमचं ध्येय काय' विचारायला जाणं ही थट्टा झाली असती. ज्याला झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, जगणंच नको वाटतं, त्यालाही कोचकडे नेऊ नये. डॉक्टरकडे न्यावं, सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे. चांगला कोच हे स्वतःच ओळखतो आणि थांबतो. तिसरी जागा कंपन्यांतली. एखाद्याला काढायचं आधीच ठरलेलं असतं, आणि 'आम्ही प्रयत्न केला' अशी नोंद हवी म्हणून कोच लावतात. मी हे दोनदा पाहिलंय आणि एकदा, सांगायला लाज वाटते, त्याची फाइलही मीच तयार केलीय. त्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं.

कोच निवडताना डोळे उघडे हवेत, कारण 'कोच' अशी पाटी लावायला आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही. वीकेंडचा कोर्स करून सोमवारी कार्ड छापणारे आहेत. गोव्यात तर समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये तीन दिवसांत 'आतला नेता जागा करणारे' उदंड झालेत. सूर्यास्त छान असतो, त्याबद्दल वाद नाही. आयसीएफची प्रमाणपत्रं हा एक आधार आहे. त्यांच्या तीन चढत्या पायऱ्या आहेत: एसीसीसाठी निदान १०० तास, पीसीसीसाठी ५०० आणि एमसीसीसाठी २,५०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं असावं लागतं, शिवाय शिक्षण आणि परीक्षा. प्रमाणपत्र म्हणजे सगळं नव्हे, पण तास तर झालेत. फी एका सत्राला काही हजारांपासून बरीच वरपर्यंत जाते. म्हणून बहुतेक कोच पहिली ओळखीची भेट फुकट देतात, तिचा उपयोग करा. त्या भेटीत कोण जास्त बोललं ते मोजा. कोच जास्त बोलला असेल तर नमस्कार करून निघा. तुमच्या धंद्यात अमुक टक्के वाढ करून देतो म्हणाला, तर नमस्कारही नको. भाषेचंही बघा. ज्याला रागात मराठी किंवा कोंकणी येते त्याने इंग्रजीतून कोचिंग घेतलं तर राग बाहेरच येत नाही, सभ्य वाक्यं येतात.

ज्यांना हे परवडणार नाही, म्हणजे गोव्यातले बहुतेक दुकानदार, गॅरेजवाले, छोटे हॉटेलवाले, त्यांच्यासाठी मार्शल गोल्डस्मिथ या अमेरिकी कोचची एक युक्ती आहे. तो तिला फीडफॉरवर्ड म्हणतो. झालं-गेलं उकरायचं नाही. स्वतःची एक सवय निवडायची आणि ओळखीच्या माणसाला विचारायचं, "पुढे यात सुधारायला मी काय करू? दोन गोष्टी सांग." मागचं विचारलं की लोक संकोचतात, पुढचं विचारलं की बोलतात. ऐकून घ्यायचं आणि आभार मानायचे. 'पण' हा शब्द वापरायचा नाही. खर्च शून्य, आणि अवघड म्हणाल तर भयंकर.

काजूवाल्यांनी कोचिंग संपल्यावर हे करून बघितलं, गेटवरच्या वॉचमनवर. तो बिचारा दचकला. दोन दिवस टाळलं त्याने. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पात्रांव, सकाळी तुम्ही फोनवर बोलत गाडीतून उतरता. हॉर्न वाजला की मी धावत येऊन गेट उघडतो, सलाम करतो, तो तुम्हाला दिसत नाही. उतरायच्या आधी फोन ठेवला तर बरं."

"आणि दुसरी गोष्ट?" काजूवाल्यांनी विचारलं. दोन सांगायच्या होत्या ना.

वॉचमनने थोरल्या पात्रांवांच्या खुर्चीकडे एकदा बघून घेतलं. "दुसरी उद्या सांगतो," म्हणाला.